केळना आणि जुईच्या मधली जमीन

जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनला जाणारा रस्ता बहुतेक लोक चतुर्थीच्या निमित्ताने ओळखतात. भोकरदन केळना नदीच्या काठी आहे. हेच प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या नावांत इथल्या माणसांचाही उल्लेख आहे. भोकरदनच्या पुढे केळनेच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे सरकत गेलं की उत्तरेकडून जुई नदी जवळ येऊ लागते. दोन नद्यांमधली जमीन चिंचोळी होत जाते आणि जुईच्या काठावर असई लागतं. इथल्या काळ्या रानात २३ सप्टेंबर १८०३ रोजी, दुपारी तीनच्या सुमारापासून दिवस मावळेपर्यंत, एक लढाई झाली. या लढाईने मराठी सत्तेचं भवितव्य जवळपास ठरवून टाकलं.

त्या संध्याकाळी इथे पडलेली माणसं कुठकुठली होती, हे पाहिलं तर थक्क व्हायला होतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले हायलँडर होते. मद्रासच्या पलटणींतले तमिळ आणि तेलुगू शिपाई होते. शिंद्यांच्या कवायती पलटणींत अवध आणि गंगा-यमुनेच्या दुआबातले पुरबिये राजपूत, ब्राह्मण, मुसलमान होते. त्यांचे काही अधिकारी जर्मन आणि फ्रेंच होते. एवढ्या दूरदूरच्या लोकांनी एकमेकांचे जीव घेतले ते जालना जिल्ह्याच्या या कोपऱ्यात, आणि जे पडले ते बहुतेक इथल्याच मातीत राहिले. युद्धस्मारक म्हणजे मृत सैनिकांचे अवशेष सांभाळणारी जागा असेल, तर असईचं सगळं शिवारच स्मारक आहे. पाहायला जाणाऱ्याने म्हणूनच इथे एखादा चौथरा शोधण्याआधी दोन्ही नद्या पाहाव्यात, कारण लढाई कशी घडली हे त्या नद्यांनीच ठरवलं.

असईचा पराभव तिथे लढलेल्यांचा नव्हता, असं माझं ठाम मत आहे. गोलंदाज तोफांजवळ उभ्याउभ्या मेले, पलटणींनी तोफगोळ्यांखाली आपला मोहरा वळवून दाखवला. हरले ते त्यांना लढायला लावणारे, आणि ते मैदानावर पोहोचण्याच्या फार आधी हरले होते.

सुरुवात पुण्यातून झाली. महादजी शिंदे १७९४ मध्ये वानवडीला वारले. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस गेले. पाठोपाठच्या या दोन मृत्यूंनंतर पुण्याच्या दरबाराला आवर घालणारं कुणी उरलं नाही. दुसऱ्या बाजीरावाला पेशवाई टिकवायची होती, दौलतराव शिंद्यांना पेशवा आपल्या मुठीत हवा होता आणि यशवंतराव होळकरांना आपल्या घराण्याचा हक्क हवा होता. १८०१ मध्ये बाजीरावाने यशवंतरावांचे भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. ती आग २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत भडकली. शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेला यशवंतरावांनी धूळ चारली. बाजीराव कोकणात पळाला, महाडहून सुवर्णदुर्गाकडे आणि तिथून इंग्रजांच्या आश्रयाने वसईला गेला. वसईतच ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. कंपनीची तैनाती फौज पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यायचा आणि परराज्यांशी व्यवहार इंग्रजांच्या सल्ल्याने करायचा, अशी त्या तहाची कलमं होती. निजामाने १७९८ मध्येच असा तह केलेला होता. म्हणजे दख्खनच्या दोन मोठ्या गाद्या आता कंपनीच्या दावणीला होत्या.

१३ मे १८०३ रोजी इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यात बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला. त्याला आणून बसवणारा सेनापती होता आर्थर वेलस्ली, वय ३४. त्याचा थोरला भाऊ रिचर्ड वेलस्ली कलकत्त्यात गव्हर्नर जनरल होता. एका भावाने धोरण आखायचं आणि दुसऱ्याने ते तलवारीने अमलात आणायचं, असा हा योग होता.

शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांना वसईचा तह मान्य होणं शक्यच नव्हतं. पेशव्याने सरदारांना न विचारता मराठी राज्याचं स्वातंत्र्य गहाण टाकलं होतं. दोघांच्या फौजा अजिंठ्याच्या डोंगरांच्या उत्तरेला एकत्र आल्या. कंपनीचा वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांच्या छावणीत बोलणी करत होता. फौजा आपापल्या मुलखात परत न्या, अशी वेलस्लीची मागणी होती. हो-नाहीत दिवस गेले आणि ३ ऑगस्टला कॉलिन्स छावणी सोडून निघाला. त्या वेळी यशवंतराव होळकर काय करत होते? माळव्याकडे जाऊन लांबून पाहत होते. शिंद्यांच्या मदतीला जाण्याचं त्यांना काही कारण वाटलं नाही आणि शिंद्यांनीही तसं कारण कधी दिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी यशवंतराव एकटे इंग्रजांशी लढले, मोठ्या शौर्याने लढले, तेव्हा शिंदे बाजूला बसलेले होते. १८०३ ते १८०५ या काळाची सगळी शोकांतिका या दोन वाक्यांत मावते.

वेलस्लीने वेळ दवडला नाही. ८ ऑगस्टला त्याने अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेला शिंद्यांचा तो बळकट भुईकोट त्याच्या ताब्यात आला. पेशव्यांचे सरदार बापू गोखले या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते, हे आज वाचताना मनाला लागतं. पेठ घेतलेली पाहून ते इंग्रजांबद्दल आश्चर्याने बोलल्याची आठवण इंग्रजी बखरकार सांगतात: हे लोक सकाळी आले, तट पाहिला, त्यावर चढले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत गेले. हेच बापू गोखले चौदा वर्षांनी खडकीला इंग्रजांशी लढले आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत त्यांनी देह ठेवला.

नगरनंतर वेलस्ली गोदावरी ओलांडून २९ ऑगस्टला औरंगाबादला पोहोचला. त्याआधीच, २४ तारखेला, शिंदे-भोसल्यांचं घोडदळ अजिंठ्याचा घाट ओलांडून निजामाच्या मुलखात शिरलं होतं. हैदराबादवर चालून जाण्याचा त्यांचा रोख होता. वेलस्ली गोदावरीच्या काठाकाठाने त्यांना अडवत राहिला. निजामाकडची तैनाती फौज घेऊन कर्नल स्टीव्हन्सन दुसऱ्या बाजूने वावरत होता. २ सप्टेंबरला त्याने जालन्याचा किल्ला घेतला. तीन आठवडे हा लपंडाव चालला. शिंद्यांचं घोडदळ वेगाने हलायचं आणि इंग्रजांच्या हाती लागायचं नाही. मागाहून घाटातून पायदळ आणि तोफा येऊन मिळाल्या तेव्हा मात्र चित्र बदललं. जड तोफा ओढणारी फौज स्वारांच्या वेगाने पळू शकत नाही. तिला कुठेतरी उभं राहावंच लागतं.

२१ सप्टेंबरला वेलस्ली आणि स्टीव्हन्सन यांची बदनापूरला भेट झाली. दोघांनी टेकड्यांच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वाटांनी जायचं आणि २४ तारखेला एकाच वेळी हल्ला करायचा, असं ठरलं. दोन्ही फौजा एकाच चिंचोळ्या वाटेने नेल्या तर वेळ जाईल आणि शत्रू निसटेल, हा त्यामागचा विचार होता. २३ तारखेला सकाळी जवळपास २२ किलोमीटर चालून वेलस्लीची फौज नळणीला आली. तंबू ठोकायचा विचार चालू असतानाच बंजाऱ्यांकडून खबर मिळाली की शत्रू तिथून दूर नाही, केळनेच्या पलीकडेच आहे. हरकाऱ्यांनी आधी दिलेल्या बातमीत शत्रू भोकरदनला आहे असं होतं. पण भोकरदन हे गावाचंही नाव आणि परगण्याचंही. शिंदे-भोसल्यांची छावणी भोकरदनपासून असईपर्यंत कित्येक किलोमीटर पसरलेली होती. स्टीव्हन्सन अजून दूर होता. थांबलं तर पायदळ आणि तोफा पुन्हा निसटण्याचा धोका होता. वेलस्लीने थांबायचं नाही असं ठरवलं.

एका टेकाडावरून त्याने समोरचं दृश्य पाहिलं. केळनेच्या उत्तर काठाला डावीकडे, म्हणजे भोकरदनच्या बाजूला, डोळ्यांत न मावणारं घोडदळ होतं. तीस ते चाळीस हजारांच्या घरात ते असावं. उजवीकडे असईच्या दिशेला कवायती पायदळ आणि त्यांच्यापुढे शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीकडे प्रत्यक्ष लढाईत उतरवता येतील असे नियमित सैनिक सुमारे साडेचार हजार होते. त्याशिवाय म्हैसूर आणि पेशव्यांच्या बाजूचे पाचेक हजार स्वार होते, पण त्यांना त्याने केळनेच्या दक्षिणेला शत्रूच्या घोडदळावर नजर ठेवायला उभं केलं. तोफा वीसच्या आसपास.

शिंद्यांच्या पायदळाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्यांना आपण फार लवकर विसरलो. महादजींनी द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती कंपू उभारले ते उत्तर हिंदुस्थानात. त्यांच्या पगारासाठी दुआबातला मुलूख लावून दिलेला होता. तोफा आग्र्यासारख्या ठिकाणी ओतल्या जात. असईला असलेल्या कवायती पलटणींत सुमारे अकरा हजार शिपाई होते. सर्वांत मोठा भाग हॅनोव्हरच्या अँथनी पोलमनकडे होता. हा माणूस एकेकाळी कंपनीच्याच फौजेत सार्जंट होता. एक ब्रिगेड द्युपोंची होती आणि काही पलटणी सरधन्याच्या बेगम समरूच्या होत्या. त्यांचं नेतृत्व सालरकडे होतं आणि त्यांना छावणीच्या सामानाची राखण दिलेली होती. कॉलिन्सने शिंद्यांच्या छावणीतून परतल्यावर वेलस्लीला बजावलं होतं की घोडदळाची फिकीर करू नका, पण त्यांचं पायदळ आणि तोफा पाहून तुम्हाला धक्का बसेल. तो खोटं बोलत नव्हता.

वेलस्लीसमोर पहिला प्रश्न नदी ओलांडण्याचा होता. समोरून उतरलं तर तोफांच्या तोंडी जावं लागलं असतं. शत्रूची डावी बाजू गाठायची तर खाली, पूर्वेकडे उतार हवा होता. वाटाड्यांनी उतार नाही असं सांगितलं. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर वसलेल्या दोन गावांची ये-जा असणारच, आणि ये-जा असेल तिथे नदीला उतार असणारच, असा त्याने कयास बांधला आणि तो खरा ठरला. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ही गोष्ट सांगायची गरज पडली नसती. शिंद्यांच्या छावणीत मात्र या उताराची राखण करायची कुणाला सुचली नाही. निर्णय दौलतराव, रघुजी आणि त्यांच्या सल्लागारांत फिरत राहिला. पोलमनला सगळ्या फौजेवर अधिकार नव्हता. हजारो घोडेस्वार नदीच्या काठाने सरकले असते तरी त्या उतारावर वेलस्लीची फौज मोडून पडली असती. ते सरकले नाहीत.

तीनच्या सुमारास फौज पाण्यात उतरली. तोफा सुरू झाल्या आणि वेलस्लीच्या शेजारच्या एका स्वाराचं डोकं गोळ्याने उडालं. पलीकडच्या काठावर चढून त्याने पायदळाच्या दोन रांगा आणि मागे घोडदळाची एक रांग लावली. त्याला वाटत होतं की शत्रूची बाजू आता त्याच्यासमोर उघडी पडेल. त्याऐवजी त्याला जे दिसलं त्याचं आश्चर्य तो पुढेही विसरला नाही. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या पोलमनच्या पलटणींनी आणि तोफांनी काटकोनात वळण घेतलं होतं. नवी रांग पूर्वेकडे तोंड करून उभी होती. तिचं उजवं टोक केळनेवर होतं आणि डावं टोक जुईकाठच्या असईला टेकलेलं. असईच्या मातीच्या भिंतींआडही तोफा आणि शिपाई होते. गोळे पडत असताना, शत्रू समोर चालून येत असताना, हजारो माणसांची रांग अशी फिरवणं ही लहान गोष्ट नाही. ज्या शिपायांना आपण भाडोत्री म्हणून बाजूला सारतो त्यांनी ती करून दाखवली.

वेलस्लीच्या पुढच्या रांगेत डावीकडे, केळनेच्या बाजूला, ७८वी हायलँडर पलटण होती. मध्ये मद्रासी पलटणी आणि उजवीकडे पिकेट (पहाऱ्याच्या तुकड्या) व ७४वी हायलँडर. तोफांनी त्यांच्या रांगा छाटायला सुरुवात केली. इंग्रजी तोफा ओढणारे बैल पहिल्या काही मिनिटांतच मेले, तोफा मागे राहिल्या. मग संगिनी लावून चालत जाणं एवढाच मार्ग उरला. ७८व्या पलटणीने आणि मद्रासी शिपायांनी तो घेतला. समोरच्या तोफांपर्यंत पोहोचल्यावर तिथे एकही गोलंदाज पळालेला नव्हता. ते तोफांजवळच मारले गेले. जे पडले त्यांतले काही मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, आणि इंग्रजी रांग पुढे निघून गेल्यावर उठून त्यांनी तोफा वळवल्या आणि मागून गोळे टाकले. तोफा पुन्हा घेण्यासाठी वेलस्लीला स्वतः ७८वी पलटण आणि ७वं मद्रासी घोडदळ घेऊन उलट फिरावं लागलं. त्याचा एक घोडा मारला गेला आणि दुसऱ्याला भाला लागला.

उजवीकडे अनर्थ घडला. पिकेटांचा अधिकारी ऑरॉक याला असईपासून दूर राहायचं सांगितलेलं होतं, पण तो सरळ गावाच्याच दिशेने गेला आणि ७४वी पलटण त्याच्या मागे गेली. गावातून आणि रांगेतून दोन्हीकडून मारा सुरू झाला. वर शिंद्यांच्या स्वारांनी त्यांच्यावर धाव घेतली. ७४व्या पलटणीत पाचशेच्या आसपास माणसं होती. त्यातली सुमारे चारशे मेली किंवा जखमी झाली. क्वार्टरमास्तर सोडला तर एकही अधिकारी धड राहिला नाही. उरलेल्यांनी मेलेल्या सोबत्यांच्या देहांचा आडोसा केला आणि तग धरला. लेफ्टनंट कर्नल मॅक्सवेलने १९वे ड्रॅगून आणि ४थं मद्रासी घोडदळ घेऊन धडक मारली म्हणून ती वाचली. त्या धडकेत स्वार असईच्या बाजूने जुईपार गेले. असईच्या लढाईत मराठी घोडदळ बिनकामाचं ठरलं असं सर्रास लिहिलं जातं. ७४व्या पलटणीवर झालेली ही एक चढाई पाहिली तर त्या घोडदळाचा मोठा भाग त्या दुपारी कामाला लावला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न पडतो.

पहिली रांग मोडल्यावर पोलमनच्या पलटणींनी जुईला पाठ देऊन पुन्हा रांग धरली. पण तोपर्यंत दौलतराव आणि रघुजी दोघेही मैदान सोडून गेलेले होते. राजे गेले की शिपायाने कशासाठी उभं राहायचं? तरी काही पलटणी उभ्या राहिल्या. त्यांचा पाठलाग करताना मॅक्सवेल मारला गेला. बेगम समरूच्या पलटणी फारशा लढाईत न उतरता जवळपास शाबूत परत गेल्या. सूर्य मावळायच्या सुमारास जुईच्या उत्तरेकडून शेवटचे लोक निघून गेले आणि तोफा मागे राहिल्या. पकडलेल्या तोफांचा आकडा वेलस्लीने ९८ दिला.

त्या रात्रीबद्दल त्याने पुढे सांगितलेली आठवण अशी की तो जमिनीवर झोपला, शेजारी जखमी आणि मेलेले अधिकारी होते, आणि आपले सगळे स्नेही गेले असं स्वप्न त्याला पुन्हा पुन्हा पडत राहिलं. कंपनीच्या फौजेचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले, १८ बेपत्ता. लढाईत उतरलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. शिंदे-भोसल्यांचे १२०० लोक मैदानावरच मेले असं वेलस्लीने कळवलं आणि त्यांच्या जखमींनी सगळा मुलूख भरून गेला आहे, असंही लिहिलं. त्या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. कंपनीच्या जखमींसाठी अजिंठ्याच्या किल्ल्यात इस्पितळ उभारलं गेलं आणि त्यांच्यासाठी वेलस्लीने आपल्याकडची वाइन पाठवली. शिंद्यांचे जखमी मात्र भोकरदनपासून अजिंठ्यापर्यंतच्या वाटांवर, गावकुसांजवळ, कोरड्या ओढ्यांत पडलेले होते. स्टीव्हन्सन २४ तारखेला संध्याकाळी आला. त्याच्याकडेही जखमी हलवण्याचं काम होतं, म्हणून लगेच पाठलाग झाला नाही. त्या दिवसांत वेलस्लीबरोबर राजकीय सहायक म्हणून असलेला तेविशीचा तरुण पुढे महाराष्ट्राला चांगला परिचित झाला. तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन.

नंतर सगळं भराभर घडलं. स्टीव्हन्सनने ऑक्टोबरमध्ये बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले. २९ नोव्हेंबरला विदर्भातल्या अडगावला आणि १५ डिसेंबरला गाविलगडावर भोसल्यांचा कणा मोडला. १७ डिसेंबरला देवगावचा आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक गमावलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला. शिंद्यांनी दुआब, दिल्ली-आग्रा, भडोच आणि अहमदनगर सोडलं. सुर्जी-अंजनगावच्या तहात अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेचा मुलूख सोडून देताना जालन्याचा किल्ला आणि परगणा यांचा नावानिशी उल्लेख आहे. हा मुलूख पुढे निजामाला दिला गेला आणि जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच राहिलं. असईच्या लढाईचा सर्वांत थेट परिणाम इथल्या माणसाच्या आयुष्यावर हा झाला. कोणाला सारा द्यायचा, कोणत्या भाषेत अर्ज करायचा आणि कोणत्या राज्याचे प्रजाजन म्हणवून घ्यायचं हे पुढच्या जवळपास दीडशे वर्षांसाठी त्यातून ठरलं. जालन्यात इंग्रजांची छावणीही झाली.

उत्तरेतही १८०३ मध्येच दिल्ली आणि लासवाडीला जनरल लेकने शिंद्यांचे दुसरे कंपू मोडले. तिथला सरदार पेराँ लढाईच्या तोंडावरच कंपनीला जाऊन मिळाला. शिंद्यांच्या पदरी असलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांना नोकरी सोडली तर पगार आणि संरक्षण देऊ, असं कंपनीने आधीच जाहीर केलेलं होतं. कित्येकांनी ते स्वीकारलं. पोलमनसुद्धा पुढे कंपनीच्या सेवेत दिसतो.

याच संदर्भात एक जुना वाद आहे. मराठ्यांनी गनिमी कावा सोडून युरोपीय कवायत उचलली आणि म्हणून ते हरले, असं मत मराठीत फार रुजलेलं आहे. स्वतः वेलस्लीचंही मत त्याच्या जवळपासचं होतं. त्याच्या मते मराठे नुसत्या घोडदळाने लढले असते तर जास्त अवघड गेले असते. मला हे अर्धंच खरं वाटतं. असईच्या मैदानावर कवायत कमी पडली नाही. तोफा कमी पडल्या नाहीत. उलट, वेलस्लीने पकडलेल्या पितळी तोफा उत्तम दर्जाच्या होत्या, हे इंग्रजांनीच मान्य केलं. रँडॉल्फ कूपर या इतिहासकाराने २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडलेला मुद्दा मला पटतो. मराठ्यांचं सैनिकी तंत्र इंग्रजांच्या तोडीचं होतं. इंग्रजांना पुढे नेलं ते पैशाने, उधारीने आणि समोरच्या फौजेतले अधिकारी फोडण्याच्या क्षमतेने. महिनोन्महिने थकलेला पगार, ऐन वेळी सोडून जाणारे परके अधिकारी, दोन राजे आणि एकमेकांवर अविश्वास, तिसरा मोठा सरदार माळव्यात बसलेला. अशा अवस्थेत पोलमनच्या शिपायांनी काटकोनात फिरून तोफा डागल्या. दोष कवायतीवर ढकलला की दरबारावरचा डाग पुसला जातो, म्हणूनच हे मत इतकं टिकलं असावं.

वेलस्लीला मात्र किंमत कळली होती. कंपनीचा अधिकारी थॉमस मन्रो याने त्याला पत्राने विचारलं होतं की स्टीव्हन्सनची वाट का पाहिली नाही. वेलस्लीने आपल्या कारणांचं लांबलचक समर्थन केलं, पण तेवढी हानी पुन्हा पाहावी लागू नये, एवढा विजय मिळाला तरीही, असंही म्हटलं. पुढे वॉटर्लू जिंकून तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगप्रसिद्ध झाला, तरी आपल्या रणातल्या कामगिरीत सर्वांत उत्तम कोणती असं विचारल्यावर त्याने असईचंच नाव घेतलं.

स्मरण ज्यांनी जपलं त्यांनी चांगलं जपलं. १९वे ड्रॅगून, ७४वी आणि ७८वी पलटण यांना असई आणि हत्ती असा मान मिळाला. मद्रासी पलटणींनाही तो मिळाला. आजच्या भारतीय सैन्यातल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचा हत्ती त्या असईतून आलेला आहे. स्कॉटलंडमध्ये ७४व्या पलटणीची परंपरा सांगणाऱ्या रेजिमेंटने २३ सप्टेंबर हा असई दिन पाळला. इंग्रजी वाचकांना असई माहीत झालं ते बर्नार्ड कॉर्नवेलच्या १९९८ च्या कादंबरीतून. वेलिंग्टनचे चाहते आजही या शिवारातल्या नद्या शोधत येतात.

आपल्या बाजूचं स्मरण कुठे आहे? कोरेगाव भीमाच्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत आणि त्यामुळे दरवर्षी लोक तिथे येतात. असईला मेलेल्या गोलंदाजांची, पोलमन आणि द्युपों यांच्या पलटणींतल्या शिपायांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, कारण ज्यांनी ठेवायची होती ते राजे तोपर्यंत भोकरदनच्या पलीकडे निघून गेले होते. पण पलटणींची ओळख आपल्याला आहे. कुठून आले, कोणत्या तोफखान्यात होते, कोणत्या बाजूने उभे राहिले हे सांगता येतं. माझी अशी इच्छा आहे की केळना आणि जुईच्या मधल्या या रानात एक साधा काळा दगड उभा राहावा. त्यावर मराठीत, तमिळमध्ये, तेलुगूत आणि हिंदीत लिहिलेलं असावं: २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे पोलमनच्या आणि द्युपोंच्या पलटणी लढल्या. शिंद्यांचे गोलंदाज आपल्या तोफांजवळ मेले. मद्रासच्या पलटणी आणि ७४व्या, ७८व्या पलटणीचे लोकही इथेच पडले. त्याखाली दोन्ही नद्यांची आणि पिंपळगाव-वरूडच्या उताराची रेखाकृती असावी, म्हणजे भोकरदनच्या शाळांतली मुलं सहलीला आली की त्यांना लढाई स्वतःच्या पायांनी चालून पाहता येईल.